तळटीप : ‘स्त्रियांसाठी राखीव प्रभाग’
बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या अशा प्रभागात एका तृतीयपंथी स्त्रीचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. 2 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याने दिला होता; त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या ‘नालसा’ निकालाने घटनेच्या 15 व्या कलमातील भेदभावबंदी शरीररचनेपुरती नसून लिंगओळखीलाही लागू आहे, असे ठरवले होते. लिंगओळख स्वतः ठरवण्याच्या या हक्कामुळे पुरुषही राखीव जागा बळकावतील, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण संधीसाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, हे उमेदवाराचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. अशी हमी इतर कोणत्याही स्त्री उमेदवाराला द्यावी लागत नाही, हे मात्र खटकते. — संपादक