सॅफ्रन फिंच

सॅफ्रन फिंच : दक्षिण अमेरिकेतील एक छोटा, बिया टिपणारा पक्षी. शास्त्रीय नाव सिकॅलिस फ्लेव्हिओला. लिनीअसने १७६६ मध्ये याचे वर्णन केले. नावात फिंच असले तरी तो खऱ्या फिंचांच्या कुळातला नाही. टॅनेजर कुळातला, म्हणजे गालापागोस बेटांवरील ‘डार्विनच्या फिंचां’चा भाऊबंद. ब्राझीलमध्ये त्याला ‘कानारिओ-दा-तेर्रा’, देशी कॅनरी, म्हणतात. कॅनरीशीही त्याचे जवळचे नाते नाही.

लांबी सुमारे १४ सेंमी., चिमणीहून किंचित कमी. पूर्ण वाढलेला नर हळदीसारखा पिवळाधमक, कपाळ व माथा नारिंगी. पण नुसत्या पिवळ्या रंगावर विसंबले की फसगत ठरलेली. दक्षिणेकडील मादी करडी-तपकिरी व रेघांची असते, आणि कोवळ्या पक्ष्याच्या फिकट अंगावर छातीशी फक्त एक पिवळा पट्टा दिसतो. असा पक्षी पिवळ्या नरासोबत टिपताना दिसला नाही, तर ओळखणे अवघडच. याच वंशातील गवताळ पिवळी फिंच (सि. ल्युटिओला) आणखी लहान असते, तिच्या पाठीवर ठळक रेघा असतात, माथ्यावर नारिंगीचा लवलेश नसतो.

वसतिस्थानही ओळखीला मदत करते. ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यात हा पक्षी शोधू नये. कोलंबिया-व्हेनेझुएलाची गवताळ मैदाने, एक्वादोर व पेरूचा पश्चिम भाग, आणि पूर्व ब्राझीलपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतचा विरळ झाडीचा मुलूख, शेते, गोठे, गावातल्या बागा, हा त्याचा प्रदेश. दाणे तो जमिनीवर उतरून टिपतो.

घरटे मात्र बहुधा आयते. ओर्नेरो हा पक्षी फांदीवर किंवा खांबावर चिखलाचे, भट्टीसारखे घुमटाकार घर बांधतो. बाजूला दार, आत वळणारी भिंत. त्याने सोडलेल्या घरात ही जोडी गवत पसरून संसार थाटते. तसे घर नसेल तर झाडाची ढोली, कौलांखालची सांद, गुराची वाळलेली कवटीसुद्धा चालते.

गोड गळा आणि हद्दीवरून भांडण्याची खोड, दोन्ही त्याला भोवले. ब्राझीलमध्ये पैजा लावून नरांच्या झुंजी लावतात; हा प्रकार तेथे बेकायदा आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात पोलिसांनी अशाच एका अड्ड्यावरून दीडशेच्या आसपास पक्षी जप्त केले, त्यांत बहुतेक हेच होते.