मनुष्य मुळात कसा आहे? : पंडित गोऱ्हे यांचे दोन ग्रंथ

एखादे मूल जन्मतःच आंधळे असावे, आणि त्याच घटकेला शेजारच्या घरी धडधाकट मूल जन्मावे, हा भेद कोणी केला? त्या अर्भकाने तर अजून बरे-वाईट काहीच केलेले नसते. हा प्रश्न आपल्याकडील शास्त्रकारांनी विचारला, तसाच तो बायबलातही विचारला गेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांधाला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. वरवर पाहता प्रश्न दुःखाचा दिसतो. पण त्याचे उत्तर द्यावयाचे तर मनुष्य मुळात कसा आहे, हे आधी ठरवावे लागते. या ठिकाणी ख्रिस्ती आणि भारतीय विचारांच्या वाटा वेगळ्या होतात.

ख्रिस्ती मत असे की, ईश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे, चांगला असा निर्माण केला. आदामाच्या आज्ञाभंगाने ते चांगुलपण बिघडले, आणि तो बिघाड सर्व मानवजातीकडे आला. स्वतःच्या इच्छाशक्तीने मनुष्य निर्दोष राहू शकतो, असे पेलाजियस म्हणत असे. त्याला संत ऑगस्टीनने कडाडून विरोध केला, आणि इसवी सन ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायांनी आदामाचा अपराध वारशाने येतो असे ऑगस्टीनप्रमाणे मानले नाही. तरी ईश्वरी कृपेवाचून उद्धार नाही, हे सर्वांनाच मान्य आहे.

आपल्याकडील दर्शने जीवाला अनादी मानतात. ईश्वर विषम व निर्दय ठरतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात स्वतःहून उपस्थित केला आहे. त्याला उत्तर असे की, ईश्वर जीवाच्या कर्माप्रमाणे फळ देतो, आणि संसार अनादी असल्यामुळे पहिले कर्म कोणते, हा प्रश्न उद्भवत नाही. अद्वैत वेदान्त याच्याही पुढे जातो. जीव स्वरूपतः शुद्धच आहे, त्याला स्वतःचे विस्मरण झाले आहे, एवढेच. एका मताने मनुष्य रोगी आहे आणि त्याला वैद्य हवा. दुसऱ्या मताने तो निद्रिस्त आहे आणि त्याला जाग हवी.

या दोन मतांची समोरासमोर गाठ पडली ती १८३९ साली. कंपनी सरकारच्या नोकरीतील स्कॉटिश विद्वान जॉन म्यूर यांनी त्या वर्षी ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले. पंडितांच्या भाषेत दिलेले आव्हान पंडितांनीही स्वीकारले. माळव्यात सिहोर येथे असलेल्या सुबाजी बापू या महाराष्ट्रीय पंडितांनी सोमनाथ या नावाने आणि बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांनी उत्तरे लिहिली. सर्वांत विस्तृत उत्तर मात्र काशीतील एका विशीतल्या तरुणाने दिले. त्याचे नाव नीळकंठ गोऱ्हे.

गोऱ्ह्यांचे घराणे कोकणस्थ, बुंदेलखंडात स्थायिक झालेले. नीळकंठाचा जन्म १८२५ साली झाशीजवळ झाला, शिक्षण काशीत झाले, आणि न्यायशास्त्राने त्याच्या बुद्धीला विशेष धार आली. १८४४-४५ च्या सुमारास त्याने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. त्याचा रोख ख्रिस्ती मताच्या वर्मावर होता. जीवाला पूर्वजन्म नसेल आणि ईश्वर त्याला नव्यानेच निर्माण करीत असेल, तर अर्भकाच्या व मुक्या जनावरांच्या दुःखाचा कर्ता ईश्वरच ठरतो. चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी अनंत काळ नरक देणे हा तर कोणता न्याय? कर्मसिद्धान्तात प्रत्येक दुःखाला कारण आहे, आणि चुकलेल्या जीवाला पुन्हा संधीही आहे.

याच सुमारास काशीच्या बाजारात विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी प्रवचने करीत असत. त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. वाद करता करता त्यांनी नवा करार वाचला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. घरच्यांवर तर आकाशच कोसळले.

बारा वर्षांनी, १८६० साली, त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला; दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आता तेच न्यायशास्त्र उलट दिशेने चालले. आजच्या दुःखाला मागचे कर्म, त्या कर्माला त्यामागचा जन्म, अशी न संपणारी साखळी दाखविल्याने कारण सापडत नाही, ते केवळ मागे ढकलले जाते. जीव आणि परमाणू ईश्वराइतकेच अनादी असतील, तर ईश्वर खऱ्या अर्थाने सर्वशक्तिमान कसा? आणि जीव जर ब्रह्मच असेल, तर पाप, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांना परमार्थतः अर्थ काय उरतो? मनुष्याने आपण निर्मिलेले आहोत हे ओळखावे, नम्र व्हावे, हा त्यांच्या नव्या श्रद्धेचा गाभा होता.

एवढ्यावरून गोऱ्हे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाऊन निश्चिंत झाले, असे मानणे चुकीचे होईल. पुढे ते अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू झाले, पंडिता रमाबाईंसारख्या बुद्धिमती स्त्रीच्या विचारांवर त्यांच्या लिखाणाचा प्रभाव पडला, त्यांचे राहणे अखेरपर्यंत विरक्ताचे होते. तरी शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. विशेषतः अनंत नरकाचा प्रश्न त्यांना छळीत राहिला. विशीतल्या पंडिताने प्रतिपक्षाला घातलेले कोडे वृद्ध धर्मगुरूच्या पुढ्यात तसेच उभे होते. १८९५ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या चरित्राचा बोध हाच आहे. मनुष्यस्वभावात काहीतरी बिनसले आहे, याविषयी दोन्ही परंपरांचे दुमत नाही. आपल्या संतांनीही स्वतःला पतित म्हणवून देवाला पतितपावन म्हणून हाक मारली आहे. तेथे वैद्याची गरज ख्रिस्ती भक्ताइतक्याच कळवळ्याने सांगितलेली आढळते. मतभेद आहे तो बिघाडाच्या उगमाविषयी. कर्मसिद्धान्त ईश्वराचा न्याय राखतो, पण दुःखिताला त्याच्याच दुःखाचा अपराधी ठरविण्याचा धोका पत्करतो. आदिपापाचा सिद्धान्त सर्वांना एकाच दोषाचे वाटेकरी करतो, पण न केलेल्या अपराधाचे ओझे अर्भकाच्या शिरी ठेवतो. प्रत्येक मत एका प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा मागे ठेवते, आणि नेमका तो दुसराच प्रश्न प्रतिपक्षाला स्पष्ट दिसतो.

नीळकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती मताविरुद्ध लिहिलेला तो संस्कृत ग्रंथ १९५१ साली उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेने सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्या संपादनाखाली प्रकाशित केला. एकाच हाताचे दोन पक्ष अशा रीतीने अभ्यासकांपुढे आले. ज्याला फक्त आपला पक्ष बळकट करावयाचा आहे, त्याला यांपैकी एकच ग्रंथ पुरेल. परंतु त्या जन्मांध मुलाकडे पाहून ज्याच्या मनात खरोखरच प्रश्न उठला असेल, त्याने दोन्ही वाचावेत.