तिसऱ्या दिवशी मिटणारी नळी : बाळांच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि यवतमाळ जिल्हा

आजचा विषय ऐकायला अवघड वाटेल, म्हणून आपण तो घरातल्याच एका शब्दापासून सुरू करू. यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठेही जा, बाळाला जन्मतः हृदयाचा आजार निघाला की लोक म्हणतात, "त्याच्या हृदयाला छिद्र आहे." कोणी "होल आहे" म्हणतं. आजार कुठलाही असो, शब्द हाच.

आता हृदयाच्या पडद्याला छिद्र असणं हा आजार आहेच, आणि तोच जास्त दिसतो. पण हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. एक महाधमनी, शरीराला रक्त पुरवणारी. दुसरी फुप्फुसाकडे जाणारी धमनी. त्यांच्यात जन्मतः जे दोष राहतात, ते या शब्दात मावत नाहीत. कुणाची महाधमनी मध्येच आवळलेली असते. कुणाच्या दोन्ही वाहिन्यांच्या जागा चक्क उलटसुलट असतात. हा फरक शब्दापुरता नाही. छिद्र असलेलं बाळ बहुतेक वेळा काही महिन्यांची सवड देतं. वाहिनीचा गंभीर दोष असलेलं बाळ कधी कधी आठवड्याचीही देत नाही.

असं का, ते समजायला एक छोटी नळी समजून घ्यावी लागेल. पोटात असताना बाळ फुप्फुसाने श्वास घेत नाही. म्हणून फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त एका नळीतून थेट महाधमनीत वळतं. डॉक्टर तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर तिचं काम संपतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती मिटते. निरोगी बाळात कुणाला पत्ताही लागत नाही. पण महाधमनी आवळलेली असेल, तर खालच्या अंगाला रक्त याच नळीतून जात असतं. नळी उघडी आहे तोवर बाळ गुलाबी दिसतं, दूध पितं. दवाखान्यातून अठ्ठेचाळीस तासांनी सुट्टी होते. घरी बारशाची बोलणी सुरू असतात, आणि तिसऱ्या-पाचव्या दिवशी नळी मिटते. बाळ दूध सोडतं, पाय गार पडतात, धाप लागते. पूर्वी अशा मृत्यूला आपल्याकडे नावच नव्हतं. "बाळ जगलं नाही," एवढंच.

आता शस्त्रक्रियेचा इतिहास बघू. तो सुरू होतो याच नळीपासून, पण उलट्या बाजूने. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस या तरुण सर्जनने साडेसात वर्षांच्या एका मुलीची न मिटलेली नळी बांधून टाकली. त्याचे वरिष्ठ विल्यम लॅड तेव्हा परदेशी गेलेले होते, आणि ते असते तर त्यांनी हे करू दिलं नसतं असं सांगतात. ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्रॅफुर्डने महाधमनीचा आवळलेला भाग कापून दोन टोकं जोडली. तो रुग्णही मोठा, बारा वर्षांचा मुलगा होता. पुढच्याच महिन्यात, २९ नोव्हेंबरला, बाल्टिमोरमध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या एका निळ्या बाळाच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची. प्रयोगशाळेत हे तंत्र बसवलं होतं व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहाय्यकाने. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. शस्त्रक्रिया चालू असताना तो ब्लॅलॉकच्या मागे उभा राहून सूचना देत होता. आम्हाला या साऱ्या इतिहासात हा माणूस सर्वांत मोठा वाटतो.

जागा उलटसुलट झालेल्या वाहिन्यांचं कोडं मात्र बराच काळ सुटेना. १९६६ मध्ये विल्यम रॅशकिंडने फुगा लावलेल्या नळीने हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधला पडदा फाडून बाळाला तात्पुरता वेळ मिळवून दिला. (म्हणजे इथे मुद्दाम छिद्र पाडलं की बाळ जगतं!) १९७५ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत आदिब जातेने यांनी दोन्ही वाहिन्या कापून आपापल्या जागी बसवल्या. त्याच सुमारास प्रोस्टाग्लँडिन या औषधाने मिटणारी नळी उघडी ठेवता येते हेही सिद्ध झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९३८ चा रुग्ण शाळकरी वयाचा होता. जातेने यांच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण आज काही दिवसांचा असतो, कारण उशीर झाला की हृदयाचा डावा कप्पा दुबळा पडतो आणि हा मार्ग बंद होतो. म्हणजे सदतीस वर्षांत ऑपरेशनचं टेबल शाळेतून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आलं.

आपल्या देशात वेल्लोरला रीव्ह बेट्स यांनी १९४९ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन काम करत होते. महाधमनी अरुंद असलेले जे तरुण रुग्ण येत, त्यांतल्या अनेकांचा दोष जन्मजात नसून वाहिनीच्या दाहामुळे नंतर आलेला आहे, हे सेन, किनारे, परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९६३ साली त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. पण टेबलापर्यंत पोचत होते ते वाढलेले रुग्ण. आठ दिवसांचं बाळ पांढरकवड्याहून मुंबईला पोचणार कसं?

विदर्भाची स्थिती बघा. नागपूरला मेडिकल १९४७ ला, सेवाग्रामला १९६९ ला, यवतमाळला वसंतराव नाईकांच्या नावाचं शासकीय महाविद्यालय १९८९ ला. पैशाचा प्रश्न वेगळा. १९९७ पासून जीवनदायी योजना होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आली. त्यात शेजारचे अमरावती आणि नांदेड होते, यवतमाळ नव्हतं. आपला नंबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं गेलं. त्यामुळे पैशाची अडचण पुष्कळ हलकी झाली.

शोधण्याची अडचण राहिली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. झरी जामणीच्या कोलाम पोडापर्यंत गाडी जाते, हे काम मोठंच आहे. पण पथकाचं काम सहा आठवड्यांच्या पुढच्या मुलापासून सुरू होतं. त्याआधीची तपासणी बाळंतपण झालं त्या दवाखान्यात व्हायची असते, आणि तेव्हा नळी अजून उघडी असते. म्हणजे पथकाला सापडतं ते ग्रॉसचं मूल, १९३८ चं. जातेनेंचं मूल तोवर हातातून गेलेलं असतं.

थोडा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला ४१ हजारांच्या आसपास जन्म. हजारी आठ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो असं जगभर धरतात. म्हणजे सव्वातीनशेच्या वर बाळं, आणि त्यांतली साधारण पाव, म्हणजे ऐंशीच्या घरात, गंभीर. सगळेच वाहिन्यांचे दोष नव्हेत, आणि आकडा ढोबळच आहे, पण प्रश्न केवढा आहे ते कळतं.

या बाळांपर्यंत वेळेत कोण पोचतं? आशाताई. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी ठरलेल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पहिले दोन आकडे पुन्हा ऐका. नळी मिटते नेमकी तेव्हाच. त्या भेटीत वजन होतं, ताप बघतात, श्वास मोजतात. त्यातच बाळाला दूध पिताना घाम येतो का, मध्येच थकून सोडतं का, पाय हातांपेक्षा गार आहेत का, जीभ निळसर आहे का, हे बघता येतं. सावळ्या कातडीवर निळेपणा ओठावर फसवतो, म्हणून जीभ बघायची. जांघेतली नाडी नर्सताईंनी सुट्टीआधी चाचपायची. ती लागत नसेल आणि हाताची चांगली लागत असेल, तर महाधमनी आवळल्याची शंका घ्यायची.

आणि ऑक्सिमीटर. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. आपल्या गावात तो आला कोविडात. सप्टेंबर २०२० च्या "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत पथकं तो घेऊन दारोदार फिरली. उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडचा आकडा बघायचा. दोन्हीकडे पंच्याण्णवच्या खालीच अडकला, किंवा हात-पायात तीनहून अधिक फरक वारंवार दिसला, की बाळ पुढे पाठवायचं. फक्त कोविडातला बोटाचा चिमटा नवजात बाळाला चालत नाही. पायाला गुंडाळायची पट्टी लागते. आणि पाठवताना नळी उघडी ठेवणारं औषध सुरू केलं असेल, तर त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून नागपूरपर्यंतच्या दीडशे किलोमीटरमध्ये श्वास देऊ शकणारा माणूस ॲम्ब्युलन्समध्ये सोबत हवा. उमरखेड-महागावकडून नांदेड जवळ पडतं. कुठल्या तालुक्यातून बाळ कुठे न्यायचं, हे प्रसूतिगृहाच्या भिंतीवर फोन नंबरासह लिहिलेलं असावं, असं आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगतो.

आता प्रश्न घेऊ. आशाताई कोणी आल्या असतील, तर त्यांनी आधी विचारावं.