लेन्स आधी आमच्यासाठी झाली

कॉन्टॅक्ट लेन्स म्हटलं की आमच्या वेळापुरात अजूनही लग्नाला उभी राहिलेली मुलगी आठवते. चष्मा दिसू नये म्हणून घालायची ती लेन्स. मी लेन्स घालून शाळेत विज्ञान शिकवते, आणि हा समज मला मनापासून खटकतो, कारण इतिहास उलटा आहे. लेन्सच्या जन्माशीच माझ्यासारखे डोळे आहेत: ज्यांचं बुबुळ मध्ये पातळ होत होत शंकूसारखं पुढे येतं. डॉक्टर त्याला केराटोकोनस म्हणतात.

लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या आजारावर सविस्तर ग्रंथ लिहिला. उपाय मात्र कुणाच्या हाती नव्हता. १८८८ मध्ये झुरिकच्या अडॉल्फ ओइगेन फिक यांनी काचेच्या लेन्सचे प्रयोग प्रसिद्ध केले. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या, मग इतरांच्या. ती काच डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायची, रुंदी १८ ते २१ मिलिमीटर, आणि आत ग्लुकोजचं पाणी भरलेलं. दोनेक तासांपलीकडे सोसवत नसे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये यूजीन काल्त केराटोकोनसच्या रुग्णांना काच बसवत होते. दाबानं शंकू सपाट होईल, अशी त्यांना आशा होती. पुढच्या वर्षी कीलच्या ऑगस्ट म्युलर यांनी स्वतःच्या उणे १४ नंबरसाठी तशीच काच घातली. कोकेनचे थेंब टाकूनही त्यांना ती अर्धा तासच सहन झाली. फिक आणि म्युलर यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात घालायची वस्तू त्यांनी स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिली.

काल्त यांची आशा खरी ठरली नाही, शंकू दाबून बरा होत नाही. तरी दिसू मात्र लागतं, आणि त्याचं कारण मी दहावीच्या वर्गात अपवर्तन शिकवताना हमखास सांगते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि वेड्यावाकड्या बुबुळाच्या मधली जागा अश्रू भरून काढतात. बुबुळाचा अपवर्तनांक सुमारे १.३७६, अश्रूंचा १.३३६; फरक इतका थोडा की प्रकाशाला तो खडबडीतपणा जवळजवळ जाणवतच नाही. प्रागच्या ओटो विख्टरले यांनी १९६१ मध्ये घरी यंत्र जुळवून घडवलेली मऊ लेन्स जगानं उचलून धरली, पण ती बुबुळावर बसते आणि बुबुळाचाच आकार घेते. वाढलेल्या शंकूला तिचा फारसा उपयोग नाही.

आजार कळण्याआधी माझ्या चष्म्याचा सिलिंडरचा नंबर सतत बदलत होता. माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते त्या रात्री तळावरचा एकेक दिवा मला तीन-चार दिव्यांचा दिसे, प्रत्येकाला खाली ओघळ. पुण्यात बुबुळाचा नकाशा काढला तेव्हा खालच्या बाजूला लाल डाग उमटला आणि आजाराला नाव मिळालं. मग लेन्सची मापं. डोळ्यात नारिंगी रंग सोडून निळ्या दिव्याखाली पाहतात. अश्रू साठतात तिथं हिरवं चमकतं, लेन्स टेकते तिथं काळं राहतं. शंकूच्या टोकावर फार भार नको आणि पोकळीही फार नको. हे जुळवणारे हात कसबी लागतात.

बुबुळापुरती असलेली ही छोटी लेन्स १९४८ मध्ये अमेरिकेत केव्हिन टूही यांनी प्लॅस्टिकची केली. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, ते हवेतला प्राणवायू अश्रूंमधून घेतं, आणि ते प्लॅस्टिक प्राणवायू जाऊ देत नव्हतं. सिलिकॉन मिसळलेलं, वायू जाऊ देणारं कडक प्लॅस्टिक सत्तरच्या दशकात आलं. माझी लेन्स त्याच घराण्यातली.

सुरुवातीला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होई. खरं तर बुबुळाहून जास्त तक्रार पापणीची असते. तिची कड लेन्सच्या कडेला अडखळते. नजर खाली असली की सुसह्य होतं, म्हणून लेन्स घालायची वेळ मी वह्या तपासण्याच्या वेळेला जोडली आणि रोज थोडी वाढवत नेली. पापणी शिकते, पण धुळीचं काय? ऊसतोडीच्या दिवसांत अकलूजच्या रस्त्यावर ट्रॉल्या धावतात, लेन्सखाली एक कण गेला तरी जिथं असू तिथं ती काढावी लागते. डोळे चोळायचे नाहीत, त्यानं शंकू वाढतो. हे सासूबाईंच्या इतकं मनावर आहे की माझा हात नुसता वर गेला तरी ‘चोळू नको गं’ म्हणतात. बोअरच्या पाण्यानं लेन्स धुवायची नाही, कारण पाण्यातला अकँथामीबा हा सूक्ष्मजीव बुबुळाची नासाडी करतो.

हा आजार शहरी नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: २.३ टक्के लोकांच्या बुबुळाची वक्रता केराटोकोनसच्या पातळीची. तपासणाऱ्यांनी फक्त वक्रतेची मर्यादा धरली होती, म्हणून आकडा जपून वापरावा. पण खेड्यात कुणी पाहिलंच नाही तर सापडणार कसं? रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून आजार थोपवण्याची रीत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची, २००३ पासून प्रसिद्ध. वेळेत कळलं तरच तिचा फायदा, आणि त्यानंतरही अनेकांना लेन्स लागतेच.

शंकू वाढल्यावर माझी छोटी लेन्स ठरेना, वारंवार निसटू लागली. आता मी स्क्लेरल लेन्स वापरते: प्राणवायू जाऊ देणारी, पण पुन्हा फिक यांच्यासारखी रुंद, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी. ती घालताना मान पूर्ण खाली घालावी लागते, कारण वाटी काठोकाठ भरलेली असते. ग्लुकोजच्या जागी सलाईन आलं आहे.