सुतासाठी हवा, रंगासाठी हवा

कारखान्यातली हवा यंत्राने सांभाळण्याची गरज मोटार कारखान्यांच्या कितीतरी आधी कापडगिरण्यांना भासली. कर्नाटकाच्या सीमाभागात ती कलबुर्गीच्या महबूबशाही गिरणीबरोबर आली. मुंबईचा लोहमार्ग 1871 मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला. कलबुर्गी, तेव्हाचे गुलबर्गा, त्याच वाटेवर होते आणि भोवती काळ्या रानातला कापूस होता. अडचण होती ती उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक पडते. तंतूतली ओल उडाली की ते ठिसूळ होतात आणि सूत पुन्हापुन्हा तुटते.

गिरण्यांचा जुना उपाय खात्यात वाफ सोडण्याचा. त्याने सूत वाचे, पण कामगार उकडून निघे. हे इतके वाढले की इंग्लंडमध्ये 1889 साली विणकाम शेडमधल्या दमटपणावर कायद्याने मर्यादा आली. चांगला तोडगा एअर वॉशरचा निघाला: पंख्याने ओढलेली हवा पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून जाते, धूळ टाकते, ओल घेते आणि थंडही होते. बाहेर 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर नुसत्या फवाऱ्याने हवा 22-23 अंशांच्या जवळ येऊ शकते. कलबुर्गीच्या उन्हाळ्याला याहून सोयीचे यंत्र नाही. पावसाळ्यात मात्र हवा आधीच ओली असते, फवारा निकामी ठरतो. तेव्हा पाणीच गार करावे लागते.

पुढे याच भागात वाहनेही बनू लागली. बिदरजवळ, आजच्या तेलंगणातल्या जहीराबादला, 1980 च्या दशकात आल्विन निस्सानचा हलक्या ट्रकांचा कारखाना आला. त्यामागची हैदराबाद आल्विन कंपनी 1942 सालची. ती बसगाड्या बांधी आणि फ्रिजही बनवी. पुढे हा कारखाना महिंद्रांकडे गेला.

वाहन कारखान्यात हवेचे खरे लाड पेंट शॉपमध्ये होतात. तिथे गाळलेली हवा छतातून सावकाश उतरते, गाडीच्या अंगावरून जाते आणि उडालेला रंग जाळीखालच्या पाण्यात नेऊन सोडते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे धूळ शिरत नाही. पाण्यावर आधारलेला रंग कोरड्या हवेत सपाट पसरण्याआधीच सुकतो, दमट हवेत ओघळतो. म्हणून उन्हाळ्यात ओल द्यायची आणि पावसाळ्यात काढून घ्यायची, अशी दुहेरी यंत्रणा आखावी लागते. कारखान्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा इथेच खर्च होतो.

वेल्डिंगच्या उंच शेडला एवढे भाग्य क्वचितच लाभते. तिथे गरम हवा आणि धूर छतावाटे बाहेर काढतात आणि माणूस उभा असतो तेवढ्याच जागी नळीतून गार झोत सोडतात. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 13 ने मात्र कामगाराला सोसवेल असे तापमान आणि खेळती हवा ठेवणे बंधनकारक केले होते. आराखड्यात रंगाइतकेच कामगारालाही स्थान मिळायला हवे.