डावा पाय, उजवा पाय

छप्पन्नाव्या वर्षी माणसं गुडघे जपतात, साखर तपासून घेतात, मुलांच्या लग्नाचे हिशेब मांडतात. मी या वयात मोटरसायकल घेतली. तीही पाचशे सीसीची थंडरबर्ड, 2014 सालची, पुण्यातल्या एका तरुणानं एकतीस हजार किलोमीटर फिरवून काढायला ठेवलेली. आरटीओत फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, आरसी बुकावर माझं नाव चढलं, आणि जवळजवळ दोनशे किलोचं ते धूड घेऊन मी मिरजेला आलो. कविता लिहून जे मानधन मिळतं त्यात असली खरेदी होत नाही. नोकरी सुटताना जे पैसे आले, त्यातला एक तुकडा मी घरात कुणाला नीट न सांगता असा उडवला.

पहिले दोन दिवस नुसत्या नवलाईत गेले. क्रूझर जातीची गाडी म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. सीट खाली, हँडल उंच आणि अंगाकडे ओढलेलं, पाय किंचित पुढे. आपण गाडीवर स्वार होत नाही, आरामखुर्चीत टेकतो. ही बैठक अमेरिकेतून आली. तिथले रस्ते शेकडो मैल सरळ जाणारे, त्यामुळे हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या दोन कंपन्यांच्या गाड्या जड, लांब आणि न धापता चालणाऱ्या. थंडरबर्डनं ती बैठक उचलली, पण इंजिन आपलं बुलेटच्या घराण्याचं ठेवलं. चौथ्या गियरमध्ये चाळीसच्या वेगानं निघालात आणि मूठ पिळलीत की गियर न बदलता ती पुढं सरकते. ढकलल्यासारखी नाही, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी. कागदावर हिची ताकद सत्तावीस अश्वशक्तीच्या आसपास आहे. आजच्या पोरांच्या गाड्यांपुढे हा आकडा फार मोठा नाही. पण ती ताकद तळातच मिळते, इंजिनाला किंचाळावं लागत नाही, हे हिचं वैशिष्ट्य.

तिसऱ्या दिवशी मी मरता मरता वाचलो.

बेडगच्या रस्त्याला संध्याकाळी निघालो होतो. दिवस गळिताचे. पुढे उसानं शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. ती अचानक थांबली. मी साठच्या वेगात. अशा वेळी माणूस विचार करत नाही, पाय विचार करतो. माझ्या डाव्या पायानं सगळी ताकद लावून ब्रेक दाबला, आणि गाडीला काहीच झालं नाही. कारण डाव्या पायाखाली ब्रेक नव्हताच. तिथं गियर होता. डाव्या हातानं त्याच क्षणी क्लच आवळलेला, त्यामुळे गाडी मोकळीच धावत राहिली. उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक सापडला म्हणून आज हे बोलतो आहे. साईडपट्टीवर उतरून गाडी थांबली तेव्हा उसाची पानं माझ्या हेल्मेटला लागत होती.

घरी बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एकतर ती गाडी विका, नाहीतर पाय बदलून घ्या.”

आता हा डावा पाय असा का वागला, याची गोष्ट मोठी आहे. ती इंग्लंडमधल्या रेडिच नावाच्या गावापासून सुरू होते.

रेडिच हे सुयांचं गाव. तिथं 1851 साली जॉर्ज टाऊनसेंड यांनी सुयांचा कारखाना घातला. त्याच कारखान्यातून पुढे सायकली निघाल्या. मग एनफिल्डच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम मिळालं, त्यावरून नाव आलं रॉयल एनफिल्ड आणि बोधचिन्हात आली तोफ. 1901 साली पहिली मोटरसायकल झाली, 1932 साली बुलेट हे नाव आलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 च्या सुमारास मागच्या चाकाला झोका देणारी, आपल्या ओळखीची बुलेट तयार झाली. सुईपासून तोफेपर्यंत आणि तोफेपासून फटफटीपर्यंत असा हा प्रवास. मिरजेच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्या सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांचा धंदा बसला तसे ते तारांकडे वळले. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

इंग्रजी गाड्यांची जुनी रीत अशी की गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पन्नासच्या दशकात आपल्या सरकारला सैन्यासाठी, सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती. निवड बुलेटची झाली आणि साडेतीनशे सीसीच्या आठशे गाड्यांची मागणी गेली. त्यातूनच मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून 1955 साली एनफिल्ड इंडिया उभी केली. आधी सुटे भाग तिकडून यायचे आणि मद्रासला जोडले जायचे. 1957 साली ते भाग बनवायची अवजारं आणि साचेच इकडे विकले गेले. 1962 पर्यंत सगळी गाडी इथंच घडू लागली.

इथं जरा थांबतो. आपण सेकंडहँड गाडी घेतो तशी एका देशानं दुसऱ्या देशाकडून वापरलेल्या साच्यांसकट एक गाडी घेतली. पुढे मालकच संपला. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद झाला, 1971 पर्यंत इंग्लंडमधली कंपनीच मोडीत निघाली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये मात्र गाडी निघतच राहिली, आणि 1977 साली इथली बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. वापरायला दिलेली वस्तू घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या दारात नेऊन विकावी, असे प्रकार इतिहासात फार घडत नाहीत.

या मधल्या काळात जगाचे पाय बदलले. जपानी गाड्यांचा गियर डावीकडे होता, त्यांचा खप प्रचंड. सत्तरच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेनं नियमच केला, की गियर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी. इंग्रजी कंपन्यांना धावपळ करून दांड्या इकडच्या तिकडे कराव्या लागल्या. खुद्द हार्लेच्या स्पोर्टस्टरलाही 1975 साली आपला उजवा गियर सोडावा लागला. आपली बुलेट सरकारी खरेदीच्या आणि जुन्या साच्यांच्या आधारानं उजव्याच पायावर उभी राहिली. ती हळूहळू डावीकडे वळली ती या शतकाच्या पहिल्या दशकात.

माझा पाय मात्र त्याच्या खूप आधी घडला होता. माझ्या मामूंचं मिरजेत गॅरेज होतं. 1986 सालच्या उन्हाळ्यात, कॉलेजात जायच्या आधी, मी तिथं पाने पुसायला बसायचो. पोलिसांच्या बुलेट यायच्या, दूधवाल्यांच्या यायच्या. पुढे डिझेलवरची टॉरसही यायला लागली, जिच्या आवाजानं गल्लीतली तान्ही पोरं उठायची. मामूंनी मला बुलेट शिकवली ती नमाज शिकवावी तशी, क्रम न चुकवता. आधी डिकम्प्रेसरची बारीक कळ दाबायची, किक हळू हळू खाली न्यायची, टाकीपुढच्या अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा मधोमध आला की कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच दणका. क्रम चुकला तर किक उलटी फिरून नडगी फोडायची. माझ्या उजव्या नडगीवर ती खूण अजून आहे. पहिला गियर उजव्या पायानं वर, बाकीचे तीन खाली, आणि न्यूट्रलला वेगळी छोटी दांडी. नंतर मी आयुष्यभर स्कूटर चालवली. म्हणजे पायानं मी कधी गियर बदलला असेल तर तो फक्त बुलेटचा, मामूंच्या बुलेटचा. चाळीस वर्षं हा धडा पायात झोपून होता, जड इंजिनाचा ठोका ऐकून तो जागा झाला.

अपघात टळला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत नव्हे, पण तितक्याच सावकाश मामूंकडे नेली. मामू आता पंचाहत्तरीचे. गॅरेज बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांचा लौकिक कानाचा होता. गाडी गल्लीत वळायच्या आत ते सांगायचे, टॅपेट सैल आहे की पॉइंट जळलाय. टॅपेट बसवताना पट्टी घालून मोजणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पुशरॉड दोन बोटांत फिरवून बघायचे, फिरला पाहिजे पण हलता कामा नये. शेजारच्या गल्लीतले एक तंबोरा करणारे गृहस्थ त्यांना चिडवायचे, “मिस्त्री, आज तुमच्या गाडीची जवारी बंद दिसते.” मामू हसायचे, पण पाना उचलायचे.

मी बटण दाबून गाडी सुरू केली. मामूंनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ. मग म्हणाले, “अरे, ये तो बोलतीच नै.”

त्यांचं बरोबर होतं. या इंजिनात टॅपेट तेलाच्या दाबानं आपोआप बसतात, त्यांना हात लावायचं कारण उरलेलं नाही. पॉइंट गेले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. पाचशे सीसीच्या हिला तर कार्ब्युरेटरही नाही. पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. मामूंनी चाळीस वर्षांत कमावलेली एकेक विद्या त्या इंजिनानं काढून बाजूला ठेवली होती. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांना भेट द्यायला म्हणून मी जणू त्यांच्या धंद्याच्या मयतीचा कागद आणला होता.

बोलायचं म्हणून मी माहितीपत्रकात वाचलेले आकडे सांगायला लागलो. सिलिंडर चौऱ्याऐंशी मिलिमीटर, पिस्टनची धाव नव्वद. मामूंनी हात वर केला. “नव्वद? आमच्या साडेतीनशेलाही नव्वदच होती.”

मी नंतर तपासलं. रेडिचच्या साडेतीनशे बुलेटची मापं सत्तर आणि नव्वद. मद्रासमध्ये तीच, आणि नवं इंजिन आलं तरी तीच. पाचशेसाठी सिलिंडर रुंद केला, धाव तेवढीच ठेवली. 2020 साली थंडरबर्ड बंद झाली आणि तिच्या जागी मिटिऑर आली, तेव्हा साडेतीनशेचा हा नव्वदचा आकडा बदलला. म्हणजे एवढं सगळं गेलं, देश बदलला, मालक बदलले, गियर या पायाकडून त्या पायाकडे गेला, तरी पिस्टन खालून वर जायला जे अंतर काटत होता ते साठ वर्षांहून अधिक काळ एका मिलिमीटरानंही हललं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकांत सनावळ्या असतात, असली अंतरं नसतात.

मामूंनी गाडीचा वेग मला अगदी कमी ठेवायला लावला. टाकीवर पंजा ठेवून डोळे मिटले. “आता ऐकू येतंय,” एवढंच म्हणाले. काय ऐकू येतंय ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी गाडी बंद करायला सांगितली आणि मधल्या स्टँडवर घ्यायला लावून वर बसायचा हट्ट धरला. मामी दारातून ओरडल्या. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. गुडघा दोन हातांनी उचलून मामू पलीकडे गेले, हँडल धरलं, पाठ ताठ केली. दोन्ही पाय आपापल्या जागी गेले, आणि डाव्या पायानं सवयीनं ब्रेक दाबून पाहिला. खट्कन पहिला गियर पडला.

मामूंनी खाली पाहिलं. पुन्हा एकदा, मुद्दाम, हलकेच पायाच्या बोटानं दांडी अर्धी वर उचलली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. एक खाली, बाकीचे वर, असं त्यांनी स्वतःशीच मोजलं. उजवा पाय ब्रेकवर नेऊन तीन-चार वेळा दाबला. लहान मूल पाटीवर गिरवतं तसं.

“रोज फजरनंतर ये,” ते म्हणाले. “रस्ता मोकळा असतो. आठ दिवस नुसतं थांबायला शिकू.”

“तुम्ही मागे बसणार?”

“तू मागे बसणार,” मामू म्हणाले आणि हेल्मेटासाठी हात पुढे केला.