खाजणाच्या तोंडाशी

१८५७ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी कप्तान मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहो दे लिएब्रे नावाच्या खाजणात शिरला. करड्या देवमाशांच्या माद्या आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत येऊन इथल्या निवांत पाण्यात वितात. पिलाजवळ कुणी फिरकलं की मादी शेपटीच्या फटक्याने होडीच्या चिंधड्या उडवायची. शिकारी तिला सैतान मासाच म्हणत. स्कॅमनचीही माणसं जायबंदी झाली. मग त्याने देवमाशाला येता येणार नाही अशा उथळ कडेला होड्या लावल्या आणि खोल पाण्याच्या वाटेने जाणाऱ्या जनावरांवर स्फोटक भाले डागले. तेलाची पिंपं भरली, बातमी फुटली, जहाजांची रांग लागली. थोड्याच हंगामांत खाजणं ओस पडली. याच स्कॅमनने १८७४ साली सागरी सस्तन प्राण्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ही जात तगेल का, अशी शंका त्यात काढली. ती त्याला जरा उशिराच आली म्हणायची!

विसाव्या शतकात शिकारबंदी आली, देवमासे परतले. सान इग्नासिओ खाजणातले कोळी मात्र त्यांना टरकूनच असत. १९७२ साली एक देवमासा पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला येऊन बिलगला. पाचिकोने भीत भीत हात लावला. पुढे पर्यटक आले तेही याच स्पर्शासाठी.

मेक्सिकोने १९७२ मध्ये ओहो दे लिएब्रेला आणि १९७९ मध्ये सान इग्नासिओला संरक्षण दिलं. पुढे देवमासे बघण्याचे देशव्यापी नियम केले. सान इग्नासिओत एका वेळी सोळाच होड्या सोडतात, त्याही खाजणाच्या तोंडाकडच्या भागात. आतलं पाणी बाळंतिणींसाठी राखीव. पाठलाग करायचा नाही, माय-लेकरामध्ये घुसायचं नाही. जवळ यायचं की नाही, हे देवमाशाने ठरवायचं. नियम टिकले यात भूगोलाचाही वाटा मोठा. ज्या चिंचोळ्या तोंडामुळे शिकार सोपी झाली, त्याच तोंडावर आज होड्या मोजता येतात. शिवाय होड्या चालवणारे तिथलेच कोळी. हंगाम बिघडला तर चूल त्यांचीच थंडावते.

सान इग्नासिओच्या काठी मित्सुबिशीची भागीदारी असलेल्या मिठागराचा घाटही जगभरच्या विरोधानंतर मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष सेदियो यांनी रद्द केला.

२०१९ पासून मात्र रोडावलेले, मेलेले देवमासे किनाऱ्याला लागू लागले. २०१६ च्या सुमारास सत्तावीस हजारांच्या घरात गेलेली त्यांची संख्या २०२३ पर्यंत जवळपास निम्म्यावर आली. संशोधक बोट दाखवतात ते आर्क्टिकमध्ये कमी झालेल्या खाद्याकडे.